कड न काढलेला पाव

नेड्रा योस्टने डेल्मस कटलिपला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती त्याचं हत्यार खात होती.

ओहायो नदीकाठच्या वीजकेंद्रातला तिचा तो पहिलाच दिवस. सकाळपासून तिला हेल्मेट, बूट, चष्मा, ओळखपत्र आणि सूचनांची तीन जाडजूड पुस्तकं मिळाली होती. जेवणाचं मात्र कुणीच विचारलं नव्हतं. दीड वाजता तिला टूलरूमच्या फळीवर, पाने आणि हातोड्यांच्या मधोमध, दुकानातल्या पांढऱ्या पावाचं पुडकं दिसलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने दोन तुकडे काढले. तिसरा काढत होती, तेवढ्यात दारात एक उंच, किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या भुवयांवर राखेचा थर होता आणि चेहऱ्यावर कमालीची अदब.

"चव कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

"बरं झालं. त्याने मी आत्ता एक नळी जोडणार होतो."

नेड्राने पुडकं उलटं केलं. भिंतीकडच्या बाजूला काळ्या शाईत लिहिलेलं होतं : 'हत्यार आहे. खाऊ नये. डे. क.' फळ्यांमागून टूलरूमचा कारभारी रॉस्को बिब्बी हसत हसत बाहेर आला. "घाबरू नकोस गं," तो म्हणाला, "मी तर अकरा वर्षं खातोय."

त्या पावाची गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक बॉयलरवाल्याला ठाऊक आहे. जुन्या नळीचा तुकडा कापून नवा जोडायचा म्हटलं, की आत राहिलेलं पाणी टिपटिप करत सांध्याशी येतं, आणि एक थेंब आला तरी वेल्ड नासतं. मग पावाचा मऊ भाग गोळा करून नळीत कोंबायचा. तो दहा मिनिटं पाणी अडवतो, तेवढ्यात सांधा होतो, आणि पुढे बॉयलर भरला की पाव विरघळून वाहून जातो. नियम दोनच. एक, कड काढून टाकायची, कारण कड विरघळत नाही. दुसरा, रीहीटरच्या नळ्यांत पाव कधीही घालायचा नाही.

हे दोन्ही नियम नेड्राला डेल्मसनेच शिकवले. ती कॉलेजातून शिकून आलेली, नळ्या का फुटतात ते शोधायला नेमलेली इंजिनिअर. तो अडतीस वर्षं त्या नळ्यांत सरपटणारा वेल्डर. पाव खाल्ल्याचा दंड म्हणून त्याने तिला आठवडाभर स्वतःच्या मागे बॉयलरमध्ये रांगायला लावलं, आणि त्या आठवड्यात ती कॉलेजच्या चार वर्षांहून जास्त शिकली.

"रीहीटर म्हणजे काय, सांग बघू," त्याने विचारलं होतं.

तिने पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली.

"छान. पाठ आहे तुला. आता ऐक. ताजी वाफ टर्बाइनमध्ये जाते, एक पाळी राबते आणि दमून, गार होऊन परत येते. दुपारी घरी जेवायला आलेल्या माणसासारखी. तिला या नळ्यांतून फिरवायचं, चांगलं गरम करायचं आणि पुन्हा कामावर धाडायचं. रीहीटर म्हणजे त्या वाफेची बायको." मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "हे ओपलसमोर बोलू नकोस."

"आणि बाहेर एवढी आग असून नळ्या जळत कशा नाहीत?"

"आतून वाफ वाहते ना. तीच नळीला सांभाळते. कॉफीचं भांडं कोरडं पडून चुलीवर राहिलं तर काय होतं? तेच. वाफ थांबली की नळी मेली. म्हणून तर इथे पाव नको. इथे पाणी नाही, तो विरघळणार कशात? इथे फक्त तो खास कागद घालायचा, जरा ओल लागली की नाहीसा होणारा."

फुटलेल्या नळ्या तो गावातल्या माणसांसारख्या ओळखायचा. "आधी तोंड बघायचं," तो सांगायचा. "ओठ जाड असले तर वर्षानुवर्षं थोडी थोडी जास्त तापत होती, म्हातारपणाने गेली. ओठ सुरीसारखे पातळ, आणि माशाने आ वासल्यासारखं तोंड, तर झटक्याने गेली. वाफच पोचली नाही तिला. आतून बारीक बारीक खड्डे दिसले, तर बॉयलर बंद असताना पाणी साचून गंजली. म्हणजे काही काम न करता मेली. माझा मेव्हणा तसाच गेला. एकाच अंगाने झिजली असेल, तर काजळी उडवणाऱ्या झोतापुढे सापडली. आणि दोन जातींच्या पोलादांचा सांधा उकलला असेल, तर ते लग्नच मुळात जमलेलं नव्हतं."

डेल्मस तसा मितभाषी होता, पण दोन बाबतीत त्याला बढाई मारल्याशिवाय राहवत नसे. पहिली त्याच्या सांध्यांची. टूलरूमच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर वेल्डरांची नावं आणि प्रत्येकाचे किती सांधे आजवर गळले त्याचा आकडा. कुणापुढे चार, कुणापुढे नऊ. डेल्मसपुढे शून्य होतं, आणि ते इतकी वर्षं जुनं होतं की खडूऐवजी कुणीतरी त्याला पांढरा रंगच लावला होता. दुसरी बढाई ओपलच्या पावाची.

ओपल त्याची बायको. तिचा पाव म्हणजे त्या भागातल्या डोंगराळ मुलखातला जुना सॉल्ट रायझिंग पाव. मक्याचं पीठ आणि बटाटे उबेला ठेवून आंबवायचे, ते फसफसले की मळायचं. वास मुरलेल्या चीजसारखा, म्हणजे आवडला तर आवडला. ओपल तो जुन्या पन्हळी डब्यात भाजायची, त्यामुळे प्रत्येक तुकडा गोल आणि त्याची कड कंगोऱ्याची, दातेरी चाकासारखी. डेल्मसच्या डब्यात रोज दोन तुकडे असत. "तोंडात विरघळतो," तो सगळ्यांना सांगायचा. सगळे मान डोलवायचे. रॉस्कोने एकदा तो चाखला होता आणि त्याच्या मते त्या पावाला बसवलेला दात निघून येत होता. पण हे त्याने डेल्मसला कधी सांगितलं नाही. माणसाच्या वेल्डला आणि बायकोच्या पावाला नावं ठेवू नयेत, एवढी रीत त्या टूलरूममध्ये होती.

डेल्मसच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, तेव्हा वसंतातला शटडाउन आला, म्हणजे बॉयलर थांबवून दुरुस्तीचे दिवस. रीहीटरच्या आडव्या नळ्यांचे आधार राखेने खाल्लेले होते, आणि नळ्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारख्या मधे ओळंबल्या होत्या. डेल्मसने एकट्याने चव्वेचाळीस सांधे केले. बॉयलर पेटला, टर्बाइन फिरलं, वरिष्ठांनी सगळ्यांना डोनट वाटले. तिसऱ्या दिवशी दुपारी भट्टीच्या मागच्या अंगाने शिट्टी ऐकू येऊ लागली. बारीक, अखंड, कुणीतरी दूर किटली विसरल्यासारखी. रीहीटरची नळी फुटली होती.

बॉयलर निवायला दोन दिवस गेले. मग नेड्रा आणि डेल्मस आत रांगत गेले. बॅटरीच्या उजेडात एकतीस नंबरची नळी दिसली : आ वासलेली, ओठ पातळ, सुरीसारखे. तिच्यावरचा डेल्मसचा सांधा दहा फूट पलीकडे होता, आणि त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"झटक्याने गेली," नेड्रा म्हणाली. "वाफ पोचली नाही. म्हणजे आत कुठेतरी काहीतरी अडकलंय. होय ना?"

एरवी अशा वेळी डेल्मस मेव्हण्यावर यायचा. त्या दिवशी तो उकिडवा बसून चष्मा पुसत राहिला. बराच वेळ पुसला. "एकतीस ना ही?" त्याने विचारलं, आणि तिच्या उत्तराची वाट न बघता मागे सरपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तो हेल्मेट हातात धरून तिच्या खोलीत आला. नेड्राला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कारणाचा अहवाल द्यायचा होता, हे साऱ्या केंद्राला माहीत होतं.

"एक काम कर पोरी. लिही, वेल्ड खराब होतं. कटलिपचा सांधा गळला."

"पण तुमचा सांधा धड आहे! मी डोळ्यांनी पाहिला. तुम्हीही पाहिलात."

"डोळ्यांचं काय एवढं."

"अहो, आणि ते शून्य?"

"एक लिहितील. त्यात काय? एक हा चांगला आकडा आहे," असं म्हणून तो वळला आणि दाराऐवजी कपाटाकडे गेला. मग दार सापडलं.

नेड्राला काही उमजेना. जो माणूस त्या शून्याला धक्का लागेल म्हणून फळा पुसू देत नसे, तो स्वतः होऊन शून्य टाकून द्यायला निघाला होता. आणि नुसतं ते शून्य जाणार नव्हतं. त्याचा सांधा गळला असं लिहिलं, की बाकीचे त्रेचाळीसही संशयात येणार. ते सगळे कापायचे, पुन्हा जोडायचे, बॉयलर आणखी दोन आठवडे थंड. आणि खरं कारण तसंच आत बसून राहणार. ती उठली, फुटक्या जागेच्या अलीकडचं वळण कापून टेबलावर आणवलं, आणि वाकवलेल्या तारेने आत कोरायला लागली.

तासाभराने एक काळं बूच बाहेर आलं. कोळशासारखं, हलकं, मुठीत मावेल एवढं. एका बाजूने भुसभुशीत होतं. दुसऱ्या बाजूला टणक, वळलेली पट्टी, आणि त्या पट्टीवर ओळीने कंगोरे.

ती ते घेऊन टूलरूममध्ये गेली. रॉस्कोने ते उजेडात फिरवून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"हे कंगोरे," तो म्हणाला, "मी रोज साडेबाराला बघतो."

मग त्याने, न विचारताच, सगळं सांगून टाकलं. शटडाउनचा शेवटचा दिवस. एकच नळी राहिलेली, ओळंबलेली, वाफ निवून झालेलं पाणी पोटात साचलेलं, आणि टिपटिप थांबत नाही. खास कागद संपला होता, नवा उद्या येणार होता. डेल्मस पाव मागायला आला.

"आणि मी त्याचा शेवटचा तुकडा नुकताच बलोनी सॉसेजची चकती घालून खाल्ला होता," रॉस्को म्हणाला. "मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब की म्हाताऱ्या. तो म्हणाला, बघतो. आणि जेवणाचा डबा घेऊन वर गेला."

नेड्राने बूच पुन्हा पाहिलं. "पण कड? कड तरी काढायची! त्यांनीच शिकवलंय मला."

"दुकानच्या पावाची कड काढतो तो," रॉस्को म्हणाला. "ओपलच्या पावाची कड त्याने जन्मात टाकलेली नाही."

संध्याकाळी पाचला डेल्मस गेटाशी उभाच होता. "रॉस्कोने सांगितलं ना?" तो म्हणाला. "त्याच्या पोटात पाव राहतो, गोष्ट राहत नाही. चल, जेवायला चल घरी. वाटेत बोलू."

 आठ मैलांनंतर, घर दिसायला लागल्यावर, तो एका दमात बोलला.

"कंपनीचे अहवाल चार राज्यांत जातात. सगळीकडे वाचतील, कटलिपबाईंच्या पावाने बॉयलर बंद पडला, विरघळला नाही म्हणून. येत्या शनिवारी चर्चमधली विक्री आहे. ती छत्तीस वर्षं तिथे पाव मांडते. मला वाटलं होतं गं, तोंडात विरघळतो तर नळीत का नाही विरघळणार? माझं एक शून्य गेलं तर काय बिघडतं? मी तसाही घरी बसणार आहे. तिला अजून भाजायचंय."

नेड्राने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. एवढ्या वर्षांत सगळं केंद्र ज्याला कौतुकाची अतिशयोक्ती समजत होतं, ते त्याच्या लेखी साधं निरीक्षण होतं. त्या भरवशावर त्याने नळी बंद केली होती.

ओपल ठेंगणी, गोल, मोठ्या आवाजाची बाई होती. तिने हॅमचे तुकडे घातलेलं घेवड्याचं कालवण वाढलं आणि बशीत भाजलेल्या पावाचे गोल तुकडे ठेवले, कंगोऱ्यांसकट. नेड्राने एक घास घेतला आणि चावू लागली. ती चावत असताना ओपलने लोण्याची वाटी पुढे केली, मांजर बाहेर काढलं, शेजारणीचं गुडघ्याचं दुखणं सांगून संपवलं.

"अजून चाललंय का?" तिने प्रेमाने विचारलं.

नेड्राने तोंड मिटूनच मान हलवली.

"बरं, मग बॉयलर कशाने गेला म्हणे?"

डेल्मसने चमचा खाली ठेवला. "माझा सांधा गळला."

खोलीत नुसतं नेड्राचं चावणं ऐकू येत राहिलं.

"काय म्हणालास?" ओपल म्हणाली. "तुझा सांधा? डेल, चेहरा वर कर. तुझा सांधा गळत नाही. ही पोरगी नवी आहे, हिला काही कळत नाही—"

"मी नाही हं तसं म्हटलं, ओपलबाई!" नेड्राने घास एकदाचा गिळला.

"मग कोण म्हणतं? नाव सांग. उद्या सकाळी मीच येते तिथे. अडतीस वर्षं त्या शून्यासाठी मी याच्या शर्टांची जळकी भोकं शिवलीत. असं कोण पुसतं ते बघतेच!"

ती खरंच उठली. रागाने तिचे कान लाल झाले होते. डेल्मसने नेड्राकडे विनवणीने पाहिलं, मग ओपलकडे, मग बशीतल्या पावाकडे. आणि पावाकडेच बघत त्याने सगळं सांगितलं. शेवटी नेड्राने खिशातून रुमालात गुंडाळलेलं काळं बूच काढून टेबलावर ठेवलं.

ओपलने ते उचललं. नखाने कंगोरे मोजल्यासारखं केलं. टेबलावर आपटून पाहिलं. टक्क असा आवाज आला.

"टर्बाइनच्या वाफेनेही हलला नाही?"

"वळणापर्यंत सरकला. तिथे बसला तो बसलाच," नेड्रा म्हणाली.

"आणि तो विरघळतो असं तुला कुणी सांगितलं होतं, डेल?"

"सांगायचं काय? मी रोज खातो."

"कॉफीत बुडवून खातोस तू! पाव मिनिट धरून ठेवतोस आत. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"ती सवय आहे," डेल्मस म्हणाला.

ओपल खुर्चीत बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. डेल्मस घाबरून अर्धा उठला. पण ती हसत होती. आधी आवाज न करता, मग सगळी भांडी वाजतील एवढ्या मोठ्याने. "अरे, माझी आई याने कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवायची!" तिने डोळे पुसले. "दात नसलेल्या माणसांना मी चर्चमध्ये विकतच नाही तो. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुला तेवढं ठाऊक नव्हतं."  मग नवऱ्याकडे बघत ती उठली आणि तिने, न मागता, त्याचा कप पुन्हा भरला.

नेड्रा निघाली तेव्हा ओपल दारापर्यंत आली. "खरं तेच लिही. पण नुसतं 'पाव' असं लिहू नकोस, दुकानचा वाटेल. सॉल्ट रायझिंग लिही. आणि कटलिप नीट लिही, शेवटी एकच पी."

शुक्रवारी पावणेबाराला अहवाल गेला. कारण : नळीत राहिलेली परकी वस्तू. स्वरूप : सॉल्ट रायझिंग पाव, घरगुती, कड न काढलेला. सांधे : सर्व निर्दोष. डेल्मसला वरिष्ठांनी बोलावून घेतलं आणि दार लावून वीस मिनिटं झापलं. तो बाहेर आला तेव्हा टूलरूममधला फळा बदलला होता. त्याच्या नावापुढचं शून्य तसंच होतं. त्याखाली रॉस्कोच्या अक्षरात एक नवं नाव लिहिलेलं होतं : 'ओपल — १'.

शनिवारी चर्चमधल्या विक्रीत ओपलचे सगळे पाव पहिल्या अर्ध्या तासात संपले. सहा पाव एकट्या डेल्मसच्या पाळीतल्या मंडळींनी नेले. ते त्यांनी कशासाठी वापरले, ते कुणी विचारलं नाही. महिन्याभराने कंपनीच्या चारही राज्यांतल्या केंद्रांत नवा नियम लागला : रीहीटरच्या नळ्यांत कोणत्याही प्रकारचा पाव घालू नये, मग तो कुणीही भाजलेला असो.

आता त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. डेल्मस शहात्तर वर्षांचा आहे. मंगळवारी आणि गुरुवारी तो गावच्या तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवतो, आणि डब्यात ओपलच्या पावाचे दोन तुकडे नेतो, कडेसकट, सोबत कॉफीचा थर्मास.